एक खून, वीस दिवस: स्कँडिनेव्हियन रहस्यकथा आणि त्यांचे पडद्यावरचे रूप

रानवाट (धागाकर्ती)

‘फोरब्रुडेल्सन’ या डॅनिश मालिकेचा पहिला भाग संपत येतो तेव्हा कोपनहेगनच्या बाहेर एका कालव्यातून मोटार वर काढली जात असते. बेपत्ता मुलीचे वडील थाईस तिथे पोहोचतात आणि त्यांच्या फोनवर त्यांची पत्नी पेर्निले घरून बोलत असते. पोलीस थाईसना अडवतात, फोन चालूच राहतो. काय झाले आहे हे पेर्निलेला कोणीही शब्दांत सांगत नाही. नवऱ्याचा आक्रोश तिला फोनमधून ऐकू येतो आणि तेवढ्यावरून तिला सारे कळते.

मी ही मालिका दोनदा पाहिली. दुसऱ्या वेळी खुनी कोण हे ठाऊक होते, तरीही तो प्रसंग आला तेव्हा मला काही काळ पुढे पाहवले नाही. तेव्हापासून मनात घोळणाऱ्या एका विचारासाठी हा धागा काढत आहे. २००७ साली आलेल्या या मालिकेचे पहिले पर्व वीस भागांचे आहे आणि त्यातला एकेक भाग म्हणजे तपासाचा एकेक दिवस. सारा लुंड ही तपास अधिकारी, नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा असलेला ट्रोल्स हार्टमन आणि मुलगी गमावलेले कुटुंब, अशा तिन्ही घरांत आपण वीस दिवस राहतो. शवपेटी निवडणे, धाकट्या मुलांना शाळेत पाठवावे की नाही हे ठरवणे, ज्या खोलीत आता कोणी झोपणार नाही तिचे दार उघडणे, या गोष्टींना इथे तपासाइतकाच वेळ दिला आहे. माझ्या मते स्कँडिनेव्हियन रहस्यकथेचा प्राण या वेळ देण्यात आहे. बर्फ, अंधार आणि लुंडचा तो प्रसिद्ध फेरोई स्वेटर या गोष्टी ओळखीच्या खुणा खऱ्या, पण त्या उचलल्या म्हणजे ती कथा हाती येते असे नाही.

हा वेळ मुळात कादंबऱ्यांतून आला. माय श्योवाल आणि पेर वाह्लू या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या सगळ्यांना मिळून ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे उपशीर्षक दिले. त्यांच्या मते तो गुन्हा कल्याणकारी राज्याने आपल्याच कष्टकरी लोकांशी केलेल्या प्रतारणेचा होता. पहिल्या ‘रोझाना’ या कादंबरीत येता कालव्याच्या जलद्वाराजवळ गाळ काढताना एका तरुणीचा मृतदेह सापडतो. ती कोण, हे कळायलाच काही महिने जातात. ती अमेरिकन पर्यटक होती आणि प्रवासी बोटीने जात होती एवढे समजल्यावर बेक आणि त्याचे सहकारी त्या बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेली सुट्टीतली छायाचित्रे मागवतात, आणि एका प्रवाशाने हौसेने केलेले चित्रण अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहतात. एरवी फक्त अहवालात असलेली रोझाना तिथे पहिल्यांदाच उन्हात उभी राहिलेली, चालणारी, जिवंत दिसते. पडद्याने काय करावे हे एका कादंबरीनेच तिथे दाखवून दिले आहे असे मला वाटते.

म्हणून माझा प्रश्न असा, की या कथांची जी रूपांतरे आपण पाहिली त्यांपैकी कोणत्यांनी हा वेळ राखला आणि कोणत्यांनी फक्त खून उचलला? कृपया खुनी कोण हे प्रतिसादांत उघड करू नये.

लुंडवासी

धागा वाचून फार आनंद झाला. मी गेली नऊ वर्षे दक्षिण स्वीडनमध्ये राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा रेल्वेने एरेसुंड पूल ओलांडून कोपनहेगनला जातो, त्यामुळे ‘ब्रून’ या मालिकेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हा पूल २००० साली खुला झाला आणि मालिका २०११ साली आली. पुलावरचे दिवे थोडा वेळ जातात, आणि परत येतात तेव्हा दोन्ही देशांच्या सीमेवर नेमका अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे असा एक मृतदेह ठेवलेला असतो. स्वीडनमधल्या मालमोची सागा नूरेन आणि कोपनहेगनचा मार्टिन रोडे या पोलीस अधिकाऱ्यांना एकत्र तपास करावा लागतो.

उपशीर्षके वाचून मालिका पाहणाऱ्याला एक गोष्ट कानाने कळत नाही, ती अशी की सागा सर्व वेळ स्वीडिश बोलते आणि मार्टिन डॅनिश. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची भाषा बोलत नाही आणि तरी काम चालते. मराठी माणसाने गोव्यात कोकणी ऐकावी आणि आशय कळावा पण एखादा शब्द हातातून निसटावा, तसे ते ऐकणे असते. सागाला माणसांच्या बोलण्यातले आडपडदे उमगत नाहीत, ती विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देते आणि समोरचा दुखावला हे तिच्या लक्षात येत नाही. दोन भाषांमधले अंतर आणि या दोन माणसांमधले अंतर मालिकेत एकाच सुतात ओवलेले आहे.

या मालिकेची अमेरिकन आवृत्ती २०१३ साली अमेरिकेतले एल पासो आणि मेक्सिकोतले हुआरेझ या शहरांमधल्या सीमेवर नेली गेली, आणि त्याच वर्षी ब्रिटन व फ्रान्स यांनी ती इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात नेली. अमेरिकन आवृत्तीला कमी लेखू नये असे मला वाटते. मूळ मालिकेतल्या दोन्ही बाजू सुखवस्तू आहेत, त्यामुळे तिथल्या सीमेला धार नाही. एल पासोच्या पुलावर मात्र एका बाजूच्या मृत्यूला किंमत आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शेकडो बेपत्ता मुलींच्या फायली धूळ खात आहेत, हा विषय त्या जागेनेच मालिकेच्या हाती दिला.

पुढे आमच्या पुलालाही धार आलीच. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरून स्वीडनने डेन्मार्कहून येणाऱ्या गाड्यांसाठी ओळखपत्रांची तपासणी सुरू केली. मालिकेचे तिसरे पर्व त्याच्या थोडेच आधी प्रसारित झाले होते. तेव्हा ओळखपत्र हातात धरून थंडीत फलाटावर उभे असताना मला सागाची हिरवट पोर्शा हमखास आठवत असे, कारण तिला त्या पुलावर कोणी कधी थांबवत नसे.

अबोली

रानवाट, तुमचे लेखन मनापासून आवडले, परंतु माझी एक गंभीर हरकत आहे. हे सर्व साहित्य शोकाला वेळ देते असे तुम्ही म्हणता. रोझाना, ‘फोरब्रुडेल्सन’मधली नाना, ‘ब्रून’च्या पुलावरची बाई यांची यादी केली तर कथा सुरू व्हायला दर वेळी एका स्त्रीचा देह लागतो असे दिसते. स्टीग लार्सन यांच्या पहिल्या कादंबरीचे मूळ स्वीडिश नाव ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असे आहे. लेखक २००४ साली वारले आणि कादंबरी २००५ साली प्रकाशित झाली. तिच्या एका विभागाच्या आरंभी असे वाक्य आहे, की स्वीडनमधल्या अठरा टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी पुरुषाने धमकावले आहे. लेखकाचा रोख स्पष्ट होता. इंग्रजीत येताना ते नाव पुसले गेले आणि तिथे ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’, म्हणजे गोंदणवाली ‘मुलगी’ आली. कादंबरीची नायिका लिसबेथ चोवीस वर्षांची, स्वतःचे पोट स्वतः भरणारी बाई आहे. शीर्षकातून पुरुष गेले, द्वेष गेला आणि पाहण्याजोगी एक मुलगी उरली.

नील्स आर्डेन ओप्लेव यांचा २००९ चा स्वीडिश चित्रपट आणि डेव्हिड फिंचर यांचा २०११ चा अमेरिकन चित्रपट, दोन्ही मी पाहिले. नूमी रापास आणि रूनी मारा या दोघींचाही अभिनय उत्तम आहे. परंतु लिसबेथच्या कायदेशीर पालकाच्या घरातला तो अत्याचाराचा प्रसंग दोन्ही चित्रपटांत सविस्तर दाखवला आहे, आणि तो दाखवून निषेध साधला जातो की प्रेक्षक ओढला जातो, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. कादंबरीत वाचताना मी पान मिटू शकत होते. चित्रपटगृहात आजूबाजूला दोनशे माणसे होती.

रानवाट

अबोली, तुमची हरकत पूर्णपणे मान्य आहे. मी वेळ राखण्याबद्दल लिहिले खरे, पण तो वेळ कोणाच्या देहावर रेंगाळतो हे विचारले नाही, ही माझ्या मांडणीतली उणीव आहे.

याच संदर्भात टोबियास लिंडहोल्म यांची ‘एफ्टरफोर्स्कनिंगन’, म्हणजे ‘तपास’, ही २०२० सालची सहा भागांची मालिका मी सुचवेन. ती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये स्वीडिश पत्रकार किम वॉल एका मुलाखतीसाठी कोपनहेगनजवळ एका खाजगी पाणबुडीत गेल्या आणि परत आल्या नाहीत. ही मालिका त्या खुनाच्या तपासाची आहे. आरोपी पडद्यावर एकदाही दिसत नाही आणि त्याचे नावही कोणी उच्चारत नाही. खुनाचा प्रसंग नाही, पाणबुडीच्या आत काय घडले याचे नाट्यीकरण नाही. दिसतात ते तपासप्रमुख येन्स म्योलर, किम यांचे आईवडील आणि समुद्र.

कोगे खाडीत पाणबुडे दिवसेंदिवस उतरतात, हाती काही लागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतात. प्रशिक्षित कुत्री नावेच्या टोकाशी बसून पाण्यावरचा वास घेतात, कारण खोल तळाशी जे आहे त्याचा गंध वर येईपर्यंत प्रवाहाबरोबर दूर सरकलेला असतो. कुत्रे जिथे भुंकले तिथे काही नसते, तर तिथून मागे किती आणि कोणत्या दिशेला शोधायचे याचे गणित कोणीतरी मांडावे लागते. वकील विचारत राहतात, की खून झाला हे सिद्ध करायला तुमच्याकडे काय आहे. एवढ्यावर सहा भाग उभे आहेत, आणि एका स्त्रीची प्रतिष्ठा सांभाळून तिच्या मृत्यूची गोष्ट सांगता येते हे त्यातून मला दिसले. आपल्याकडे गुन्ह्यांवरच्या मालिका करणाऱ्यांनी ही पाहावी असे मला कळकळीने वाटते.

हिमरेषा

आइसलंडचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहितो. आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांची ‘मीरिन’ ही कादंबरी २००० सालची आणि तिच्यावरचा बाल्टासार कोर्मौकुर यांचा चित्रपट २००६ चा. जिथे सगळे एकमेकांचे दूरचे नातलग निघतात अशा त्या लहानशा बेटावर संपूर्ण लोकसंख्येची जनुकीय माहिती एका ठिकाणी साठवण्याची योजना आखली गेली होती. कादंबरीतला गुन्हा त्या माहितीतूनच उगवतो. आनुवंशिक आजार घराण्यात उतरतो तसे एका रात्रीचे कुकर्मही पुढच्या पिढीत उतरते, असा त्या कथेचा कणा आहे.

रूपांतराच्या दृष्टीने चित्रपटाने एक धाडस केले. कादंबरीत जी घटना आपल्याला तपासातून हळूहळू कळते, ती चित्रपटात सुरुवातीपासून दुसऱ्या धाग्याने समोर चालू राहते, आणि दोन्ही धागे एकाच काळातले आहेत असे आपण गृहीत धरतो. रहस्याचा एक मोठा भाग दिग्दर्शकाने स्वतःहून सोडून दिला आणि त्या जागी आजारी मुलीच्या बापाचे दुःख ठेवले. रानवाट ज्याला वेळ देणे म्हणतात ते हेच असावे.

एक दृश्य मात्र मी विसरणार नाही. एर्लेंदुर हा एकटा राहणारा, थकलेला पोलीस अधिकारी शिजवलेली मेंढीची मुंडी विकत घेतो, घरी टेबलाशी बसतो आणि खिशातल्या चाकूने ती शांतपणे खातो. आपल्याकडे मुंडी खाणाऱ्या घरात वाढलेल्या मला त्यात विचित्र असे काही वाटले नाही, उलट तो माणूस एकदम जवळचा वाटला. माझ्याबरोबर पाहणाऱ्या मित्रांनी मात्र तोंड फिरवले होते.

दगडीपाटी

भाषांतराच्या अंगाने थोडे लिहिते. आमच्या वाचनगटासाठी मी हेनिंग मँकेल यांच्या पहिल्या वालांडर कादंबरीची काही प्रकरणे इंग्रजीवरून मराठीत करून पाहिली होती आणि पहिल्याच संवादाशी अडले. कुर्ट वालांडर या पोलीस अधिकाऱ्याशी त्याचे कनिष्ठ सहकारी बोलतात तेव्हा त्यांनी ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? इंग्रजी इथे काहीच मदत करत नाही. आपल्या पोलीस ठाण्यात फौजदाराला ‘अरे कुर्ट’ म्हणणारा शिपाई कल्पनेतही येत नाही, म्हणून मी सगळीकडे ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ घातले. वाचून दाखवल्यावर आमच्या गटातल्या स्टॉकहोमला राहून आलेल्या एका काकांनी सांगितले, की असे केल्याने तो देशच बदलला.

स्वीडिशमध्ये पूर्वी मोठ्या माणसाला सरळ संबोधणे असभ्य मानत आणि त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषी बोलत, म्हणजे आपल्या ‘साहेबांनी चहा घेतला का?’ या धर्तीवर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत झपाट्याने मोडली. १९६७ साली आरोग्यखात्याच्या प्रमुखपदी आलेल्या ब्रूर रेक्सेड यांनी सर्व सहकाऱ्यांना आपण ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणणार असे जाहीर केले, ती घटना त्या बदलाची खूण मानली जाते. म्हणजे १९६५ ची ‘रोझाना’ आणि १९९१ चा वालांडर यांच्यामध्ये एका समाजाने ‘अहो-जाहो’ टाकून दिले. श्योवाल आणि वाह्लू ज्या समतेच्या स्वप्नाबद्दल लिहीत होते ते बोलण्यात उतरले, आणि मँकेल यांच्या काळात समाजात मात्र ते विरत चालले होते. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही आहेत, त्यामुळे हा फरक दाखवण्याची सोय इंग्रजीपेक्षा आपल्याकडे अधिक आहे. मी पुढच्या खर्ड्यात वालांडरला सगळ्यांकडून ‘तू’ म्हणवून घेतले. सुरुवातीला कानाला टोचले, दहा पानांनंतर ते पोलीस ठाणे खरे वाटू लागले.

लुंडवासी

दगडीपाटी, तुमच्या काकांचे म्हणणे खरे आहे. इथे माझ्या विभागप्रमुखांना पहिल्या नावाने हाक मारायला मला दोन वर्षे लागली.

वालांडरच्या पडद्यावरच्या तीन रूपांबद्दल माझे मत असे, की रोल्फ लास्गोर्ड यांच्यात त्याचे जडपण आहे, क्रिस्टर हेन्रिक्सन यांच्यात त्याचा एकटेपणा, आणि केनेथ ब्रॅना यांच्यात त्याची दमणूक. बीबीसीची ब्रॅना यांची मालिका (२००८ ते २०१६) वालांडरच्या युस्ताद गावातच चित्रित झाली आणि तिचा पहिला भाग मोहरीसारख्या पिवळ्या पिकात उभ्या असलेल्या एका घाबरलेल्या मुलीने सुरू होतो. वालांडर तिच्याकडे चालत जातो आणि ती स्वतःला पेटवून घेते. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोन प्रांतातल्या या शेतांमधून मी दर वर्षी जातो. तो पिवळा रंग इतका उजळ असतो की त्यात वाईट काही घडेल असे मनात येत नाही, आणि मँकेल यांनी नेमकी तीच जागा निवडली. या कथांना अंधार लागतोच असे मानणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा.

काजळी

नॉर्वेजियन लेखक यू नेस्ब्यो यांच्या हॅरी हूले या पोलीस अधिकाऱ्याच्या चाहत्यांना २०१७ च्या ‘द स्नोमॅन’ या चित्रपटाने काय दिले, हे इथे विचारत नाही. पटकथेचा दहा-पंधरा टक्के भाग चित्रित करायचाच राहिला असे दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन यांनीच सांगितले होते. कादंबरी वाचा, एवढेच सांगेन. त्यांची ‘रोडस्ट्रूपे’ तर आधी वाचा, कारण दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने पूर्व आघाडीवर लढायला गेलेल्या नॉर्वेजियन तरुणांचा, बोलायला अवघड असलेला इतिहास तिच्यात आहे.

हिंदीत ‘फोरब्रुडेल्सन’वर आधारलेली ‘सर्च: द नैना मर्डर केस’ २०२५ मध्ये आली, तिच्याबद्दल धागाकर्तीचे मत वाचायला आवडेल.

रानवाट

काजळी, कोंकणा सेन शर्मा यांच्यासाठी मी ती पाहिली आणि त्यांनी निराश केले नाही. बदली होऊन निघण्याच्या बेतात असलेली आणि तरी पाय न निघणारी अधिकारी त्यांनी संयमाने उभी केली आहे. परंतु मूळ वीस दिवसांची गोष्ट आजच्या ओटीटीच्या मापात बसवायची म्हटल्यावर कात्री शोकावर पडते. संशयित तेवढेच राहतात, आईच्या वाट्याचे क्षण कमी होतात. आपल्याकडे मृत्यूनंतरचे दहा-तेरा दिवस घरात किती माणसे येतात, कोण स्वयंपाकघराचा ताबा घेते, कोण रडते आणि कोण कुजबुजते, या सगळ्याला इथे मूळ मालिकेपेक्षाही अधिक जागा देता आली असती. ती संधी राहून गेली याची मला खंत वाटते.

दगडीपाटी, तुमच्या भाषांतराबद्दल अजून ऐकायचे आहे. त्या कादंबरीत मरणाऱ्या म्हातारीचा शेवटचा शब्द तुम्ही काय केलात?

दगडीपाटी

त्या शब्दापाशी मी आठ दिवस थांबले होते. ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. लुन्नार्प या खेड्यात पहाटे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला जाग येते आणि काहीतरी चुकते आहे असे वाटते. शेजारच्या तबेल्यातली घोडी नेहमीसारखी खिंकाळलेली नसते. शेजारच्या घरात वृद्ध जोडप्यावर भयंकर हल्ला झालेला असतो. बाई रुग्णालयात मरते आणि मरण्यापूर्वी तिच्या तोंडून एकच विशेषण निघते, ‘परदेशी’ या अर्थाचे. ते वृत्तपत्रांपर्यंत पोहोचते आणि निर्वासितांच्या छावणीवर सूड उगवला जातो. १९९१ साली हे लिहिणाऱ्या मँकेल यांना पुढचा काळ दिसत होता.

‘उपरा’ हा शब्द मराठी साहित्यात स्वतःचा इतिहास घेऊन उभा आहे, तो मला वापरायचा नव्हता. शेतकरी म्हातारी ‘बाहेरचा’ म्हणेल असे वाटले आणि खर्ड्यात तेच होते. मग लक्षात आले, की मराठीत ‘बाहेरचा’ म्हटले की पुरुष ठरतो, ‘बाहेरची’ म्हटले की बाई, ‘बाहेरचे’ म्हटले की अनेक माणसे, आणि वालांडरचा सगळा पेच तर ती कोणाबद्दल किंवा कशाबद्दल बोलली हे न कळण्यात आहे. ती हल्लेखोरांबद्दल बोलली, की तिच्या गळ्यातल्या फासाला मारलेल्या अनोळखी गाठीबद्दल, हे पोलिसांना ठाऊक नाही. मराठीने लिंग-वचन लावले की ती गाठ तिथेच सुटते. ‘परदेशी’ हे विशेषण मात्र माणसाला, बाईला, दोरीला, गाठीला, कशालाही तसेच्या तसे लागते. खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी तो शब्द जरा पुस्तकी वाटतो हे मला दिसते आहे, तरी मी ‘परदेशी’ ठेवला.